ढेकण्याची कुळकथा

दिवाळीच्या अंकासाठी ढेकणावर लेख लिहीत आहे असे मी सांगितले, तेव्हा घरात कोणाचेच तोंड गोड झाले नाही. मोर आहे, हरिण आहे, निदान काजवा तरी आहे. एवढे सोडून याला ढेकूणच कसा आठवला, असा भाव सर्वांच्या चेहऱ्यावर दिसला. तो रास्तही होता. परंतु मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे तो ढेकूण खाटेतला नव्हे, शेतातला आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून आपण नव्या भाताचे पोहे खावयास बसतो, तेव्हा त्या भाताला आपल्याआधी तोंड लावून गेलेला हा पाहुणा आहे. त्याची ओळख करून घेण्यास दिवाळीसारखा मुहूर्त नाही.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी आसनगावाजवळ आली की डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. हा शहापूर तालुका. त्याच्या दक्षिणेला मुरबाड. तेथून टोकावड्यावरून निघालेला रस्ता माळशेज घाट चढून देशावर जातो. काळू आणि भातसा यांच्या पाण्यावरचा हा मुलूख १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हाही ठाण्याकडेच राहिला. येथे सह्याद्रीच्या उतारावर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची नाचणी-वरी, आणि खाली खाचराखाचरांतून भात. भाताचेही तीन वर्ग: हळवे, निमगरवे आणि गरवे. हळवे लवकर पिकते, गरवे सर्वांत उशिरा. पावसाळ्याच्या अखेरीस माळावरचे हळवे सोनेरी झालेले असते आणि खोलगट खाचरातले गरवे अजून हिरवेच डुलत असते, हे या भागातून गेलेल्या कोणीही पाहिले असेल.

भात एकदम पिकत नाही. आधी ते पोटरीत येते, मग निसवते, म्हणजे लोंबी बाहेर पडते. मग फुलोरा, आणि त्यानंतर दाण्यात पांढरे दूध भरू लागते. याला दाणा चिकात आला असे म्हणतात. हे दूध पुढे घट्ट होऊन त्याचा तांदूळ होतो. चिकाचे हे थोडेसे दिवस शेतकऱ्याच्या वर्षातले सर्वांत नाजूक दिवस होत. लावणी झाली, बेणणी झाली, पाऊस नीट लागला. आता फक्त वाट पाहावयाची. आणि नेमका याच दिवसांत तो येतो. सुमारे दीड सेंटीमीटर लांब, काडीसारखा बारीक, हिरवट-तपकिरी, पाय लांब, मिशा त्याहून लांब. पहाटे आणि संध्याकाळी लोंबीवर बसलेला सापडतो. ऊन तापले की खाली चुडाच्या बुडाशी सावलीत उतरतो. खाचरात शिरताच भुर्रकन उडतो आणि मागे एक उग्र वास ठेवून जातो. हा वास खाटेतल्या ढेकणाचा, म्हणून त्याचे नाव ढेकण्या. सरकारी पत्रकांत त्याला लोंबीवरील ढेकण्या म्हणतात, उत्तरेकडे गंधी म्हणतात. नाव कोठलेही असो, ते नाकानेच ठेवलेले आहे.

आता गंमत अशी की शास्त्रज्ञांनीही आरंभी हेच केले. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सृष्टीतल्या प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावे देण्याचा परिपाठ घातला. त्याने कीटकांची विभागणी केली ती मुख्यतः पंखांवरून. आणि घरातल्या ढेकणाबरोबर शेतातले, झाडावरचे असे सगळे ढेकणे त्याने एकाच घरात कोंबले. त्या घराचे नाव सायमेक्स. हा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ ढेकूण! तुरीवर, वालावर, टोमॅटोवर बसणारा आणि दिव्यावर येणारा तो हिरवा, ढालीसारखा चपटा किडा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्यालाही लिनियसने त्याच वर्षी सायमेक्स व्हिरिडुलस, म्हणजे ‘हिरवट ढेकूण’ असे नाव दिले. उप्सालाच्या विद्यापीठातला पंडित आणि मुरबाडच्या बांधावरचा शेतकरी यांची कधी गाठ पडली नाही, पण दोघांनी एकच कुळ ठरवले.

लिनियसच्या शिष्यांपैकी दोघांचा आपल्या ढेकण्याशी संबंध आला. पहिला थुनबर्ग. हा जपानपर्यंत जाऊन आलेला, वाटेत जावा आणि सिंहलद्वीप पाहिलेला मनुष्य. त्याने १७८३ साली भातावरच्या या किड्याला अक्यूटा म्हणजे ‘टोकदार’ हे नाव दिले. दुसरा फॅब्रिशियस, पुढे कील येथील प्राध्यापक. त्याचा आग्रह असा की कीटक ओळखावयाचा तर पंख काय पाहता, तोंड पाहा. जो जसे खातो तसा तो असतो. १७७५ साली त्याने सोंडेने रस शोषणाऱ्यांचा वेगळा वर्गच केला. त्या काळी दक्षिणेत तरंगंबाडीला डेन्मार्कची वखार होती आणि तेथील मंडळी भारतातले किडे गोळा करून युरोपात पाठवीत असत. फॅब्रिशियसच्या पुस्तकांत असे कितीतरी भारतीय किडे आहेत. १७९४ साली त्याने भातावरच्या ढेकण्याच्याच एका भावंडाला ओरेटोरियस हे नाव दिले. याचा अर्थ ‘वक्त्याचा’. जन्मात ज्याने तोंड उघडले ते केवळ दूध पिण्यासाठी, त्याला वक्तृत्वाची पदवी मिळाली! शिवाय त्याला टाकले ते गेरिस या खात्यात. आज ज्यांना गेरिस म्हणतात ते लांब पायांनी तळ्याच्या पाण्यावर धावणारे किडे. लांब पाय, बारीक अंग एवढ्या साम्यावरून खाचरातला ढेकण्या पाण्यावर चालणाऱ्यांचा सोयरा ठरला. १८०३ साली फॅब्रिशियसने आणखी एक नाव दिले, व्हॅरिकॉर्निस, म्हणजे ‘ज्याच्या मिशा चित्रविचित्र आहेत तो’.

त्याला स्वतःचे घर मिळाले ते १८२९ साली, लात्रेय या फ्रेंच पंडिताकडून. हा लात्रेय मूळचा धर्मोपदेशक. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो बोर्दोच्या तुरुंगात होता. तेथे कोठडीत त्याला एक दुर्मीळ भुंगेरा सापडला, त्या भुंगेऱ्याच्या निमित्ताने कीटकप्रेमी मंडळींनी त्याची खटपट केली आणि त्याची सुटका झाली. किड्याने प्राण वाचवल्याचे असे उदाहरण इतिहासात विरळाच. तर या लात्रेयने आपल्या काडीसारख्या ढेकण्यासाठी लेप्टोकोरिसा हे नवे खाते उघडले. ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक आणि ‘कोरिस’ म्हणजे ढेकूण. दोन्ही शब्द ग्रीक. स्वीडनहून निघून, पाण्यावर धावून, पॅरिसला पोचूनही आमचा ढेकण्या शेवटी ‘बारीक ढेकूण’च राहिला. कोथिंबिरीच्या ग्रीक नावाचे मूळही याच ‘कोरिस’ शब्दात आहे असे मानतात. पानाच्या वासावरून म्हणे. चिवड्यावर कोथिंबीर पेरणाऱ्या गृहिणींनी याचा राग मानू नये. त्याविषयी पुढे येणार आहे.

भारतातल्या सोंडवाल्या कीटकांचा पहिला मोठा जमाखर्च मांडला तो विल्यम लुकास डिस्टंट यांनी. हे गृहस्थ कातडी कमावण्याच्या धंद्यात होते. किड्यांचा नाद फावल्या वेळचा. पुढे १८९९ पासून ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करू लागले. १९०२ ते १९१८ या काळात त्यांनी भारतातल्या या वर्गावर सात खंड लिहिले. पहिल्याच खंडात ढेकण्या आहे. तेव्हा त्याची गणना कोरिडी या कुळात होत असे. मुंबईत याआधीच, १८८३ च्या सप्टेंबरात, निसर्गेतिहासाचे मंडळ स्थापन झाले होते, आणि त्याच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, हे येथे अभिमानाने नोंदवावेसे वाटते. पण त्या पिढीचे मन पक्ष्यांत आणि फुलपाखरांत रमले. ढेकण्याकडे पाहावयास लागले ते शेतीखाते, आणि तेही नुकसान मोजण्यासाठी. लेफ्रॉय यांनी १९०६ साली भारतातल्या पिकांच्या किडींवर पुस्तक लिहिले, त्यात हा भाताच्या शत्रूंमध्ये हजर आहे.

अशा रीतीने एका किड्याची तीन नावे झाली आणि पुस्तकापुस्तकांतून ती हवी तशी वापरली गेली. एक म्हणे अक्यूटा, दुसरा म्हणे व्हॅरिकॉर्निस. हा गुंता सोडवला तो इम्तियाज अहमद या कराचीच्या अभ्यासकाने, १९६५ साली. जगातल्या साऱ्या लेप्टोकोरिसांवर त्यांनी ब्रिटिश म्युझियमतर्फे ग्रंथ प्रसिद्ध केला. पंख नव्हे, सोंड नव्हे, तर उदराच्या टोकाकडील प्रजननावयवांची घडण त्यांनी कसोटीला लावली. व्हॅरिकॉर्निस हे नाव अक्यूटाच्या पोटात गेले. अक्यूटा आणि ओरेटोरियस मात्र दोन निराळ्या जाती ठरल्या आणि ज्याला सगळे अक्यूटा म्हणत होते तो पुष्कळ ठिकाणी ओरेटोरियस निघाला. आता हा भेद घरबसल्याही पाहता येतो. किडा उलथा करा. पोटाच्या दोन्ही कडांना काळसर ठिपक्यांची ओळ असेल तर ओरेटोरियस. नसेल तर अक्यूटा. कुळही बदलले. कोरिडीतून निघून हा अलायडिडी या, रुंद डोक्याच्या ढेकण्यांच्या कुळात गेला.

या दोनशे वर्षांच्या कथेत मला एक गोष्ट मोठी मनोरंजक वाटते. लिनियसने पंख पाहिले, फॅब्रिशियसने तोंड पाहिले, अहमदांनी उदराचे टोक पाहिले. प्रत्येक पिढीने त्याच किड्याचा निराळा अवयव पाहिला आणि त्याचे घर बदलले. मग आपणही हे अवयव एकदा नीट पाहू या.

प्रथम मिशा. ढेकण्याच्या मिशीला चार पेरी असतात. आपल्या दिव्यावर येणाऱ्या हिरव्या ढेकण्याच्या मिशीला पाच. त्याचे शास्त्रीय नाव आज नेझारा व्हिरिडुला, आणि त्याच्या कुळाचे नाव पेंटाटोमिडी; ‘पेंटा’ म्हणजे पाच, ‘टोमे’ म्हणजे छेद. कुळाचे नावच मिशीच्या पेरांवरून पडलेले आहे. दुसरी गोष्ट पाठीवरची. दोन्ही पंखांच्या मुळाशी एक त्रिकोणी ढाल असते. हिरव्याची ढाल मोठी, अर्ध्या पाठीपर्यंत पोचणारी; लोंबीवरच्याची इवलीशी. तिसरी गोष्ट पंख. पुढचा पंख अर्धा चामड्यासारखा जाड आणि टोकाकडे पापुद्र्यासारखा पातळ. यावरून या साऱ्या गणाला अर्धपंखी म्हणतात.

चौथी गोष्ट सोंड, आणि आमचे सारे भांडण तिच्याशी आहे. विश्रांतीच्या वेळी ती छातीखाली, पायांच्या मधून मागे दुमडून ठेवलेली असते. दिसते एक, पण तिच्या म्यानात चार बारीक सुया असतात. आतल्या दोन सुया एकमेकींना अशा चिकटतात की त्यांच्यामध्ये दोन नळ्या तयार होतात. एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून रस वर येतो. भाताच्या दाण्यावर तुसाच्या दोन पाकळ्या असतात. त्या जेथे मिळतात त्या फटीतून ढेकण्या सुया घालतो आणि चिक शोषतो. मोठे शोषतात तसेच पिल्लेही शोषतात. अंडी काळसर, चपटी. ती पानाच्या शिरेलगत ओळीने घातलेली असतात. पिल्ले फिकट हिरवी, आणि पाच वेळा कात टाकून मोठी होतात.

पाचवी गोष्ट वासाची. मोठ्या ढेकण्याच्या छातीत, मागच्या पायांजवळ, गंधाच्या पिशव्या असतात. पिल्लांना मात्र त्या पाठीवर, उदराच्या वरच्या बाजूस असतात. शेवटची कात टाकली की वासाचे दुकान पाठीवरून पोटाकडे हलते! या वासात आहे तरी काय, हे श्रीलंकेतल्या संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केले. ओरेटोरियसच्या गंधात मुख्यतः दोन द्रव्ये निघाली, त्यातले एक ऑक्टेनाल. हे द्रव्य शत्रूला विषारी, नकोसे वाटणारे, आणि भाईबंदांना मात्र ‘पळा’ असा इशारा देणारे. आता खाटेतल्या ढेकणाच्या गंधात काय असते? तेच ऑक्टेनाल! म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या नाकाने जे नाते फार पूर्वी जुळवले होते, ते रसायनशाळेने खरे ठरवले. कोथिंबिरीचेही तसेच. तिच्या पानातले डेसेनाल हिरव्या ढेकण्याच्या गंधातही आहे. ग्रीक नाकही खोटे बोलले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, चार पेरी असोत की पाच, पोटाला ठिपके असोत की नसोत, शेतकऱ्याला त्याचे काय? त्याला पुष्कळ काही आहे, आणि हे सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला. मळणीच्या वेळी सुपात भात पाखडताना पोचट दाणे वाऱ्यावर उडतात. ते का पोचट झाले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. लोंबी सगळीच्या सगळी पांढरी, उभी ताठ, आणि ओढली की सहज हातात आली, तर ते खोडकिड्याचे काम. ती अळी खोडात असते. लोंबीची मान काळी पडून मोडली, तर तो करपा. तो किडा नसून बुरशीचा रोग. लोंबी हिरवी, पण तिच्यातला एक दाणा भरलेला, एक रिकामा, एकावर तपकिरी डाग, असे असेल तर तो ढेकण्या. तिघांचे दुखणे एका सुपात दिसते, औषध मात्र तिघांचे निराळे. नाव चुकले की औषध चुकते, आणि चुकीच्या औषधाचे पैसे गरिबाच्याच कनवटीचे जातात.

हे केवळ पैशाचे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ढेकण्या दिसला की बी.एच.सी.ची भुकटी धुरळावयाची अशी रीत पडली. ती भुकटी ढेकण्याला मारी, तशीच कोळ्यांनाही मारी. ढेकण्याच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात, त्याही मरत. ढेकण्याची अंडी खाणारे लांब मिशांचे नाकतोडे असतात, तेही मरत. भुकटी मातीत, दुधात, धान्यात उरू लागली. अखेर १९९७ साली तिच्यावर भारतात बंदी आली. किड्याचे घर आणि त्याचे दिवस यांची नीट ओळख असती, तर पुष्कळ ठिकाणी तिची गरजच पडली नसती.

ती ओळख सांगते ती अशी. ढेकण्या आभाळातून पडत नाही. भात निसवण्यापूर्वी तो बांधावरच्या आणि आजूबाजूच्या रानगवतांच्या कणसांवर दिवस काढतो. म्हणून बांध वेळीच स्वच्छ केले तर त्याची पायरी मोडते. दुसरे, एकाच शिवारात कोणाचे भात आधी, कोणाचे नंतर असे निसवले, तर एका खाचरातून दुसऱ्या खाचरात तो दूध शोधीत फिरतो; हळव्यावर वाढलेला ढेकण्या निमगरव्यावर, आणि तेथून गरव्यावर. सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटी निसवणाऱ्या एकट्या खाचरावर त्याची सारी झुंड उतरते. शेजाऱ्यांनी मिळून एका जातीचे भात एकाच सुमाराला लावले तर हा भार वाटला जातो. तिसरे, तो पहाटे आणि संध्याकाळी वर असतो. भर दुपारी शेत पाहून ‘ढेकण्या नाही’ असे म्हणणाऱ्याची फसगत होते. ईशान्येकडच्या डोंगरी लोकांत खेकडा काठीला बांधून शेतात लावण्याची रीत आहे. कुजक्या वासावर ढेकण्या तेथे गोळा होतो आणि मग त्याला वेचता येते. ज्याने वासाने नाव कमावले, त्याला वासानेच पकडावयाचे! आणि औषध मारावेच लागले तर ते चिकाच्या दिवसांत, किडे मोजून. दाणा घट्ट पिकल्यावर फवारलेले औषध वाया गेले असे समजावे.

लिनियसपासून अहमदांपर्यंत ज्यांनी या किड्याला नावे दिली, त्यांना मुरबाडचे खाचर ठाऊक नव्हते. ज्यांच्या खाचरात तो वाढला त्यांना त्या नावांची खबर नव्हती. दोघांपाशी अर्धे-अर्धे ज्ञान होते. पंडितांपाशी सुया, पेरी, गंधाच्या पिशव्या. शेतकऱ्यापाशी त्याचे दिवस, त्याची वेळ, त्याचा वास. ही दोन अर्धी जेथे एकत्र येतात तेथे सुपातले पोचट दाणे कमी होतात. शास्त्राची नावे पाठ करण्याची गरज नाही, पण त्या नावांमागे ज्या डोळ्यांनी पाहिले गेले ते डोळे मात्र आपणांस हवेत.

सुरुवात करावयास फार लांब जावे लागत नाही. या दिवाळीत ओटीवरच्या दिव्याभोवती किडे जमतील. त्यांत एखादा हिरवा, चपटा, ढालवाला येईल, आणि शहापूर-मुरबाडसारख्या भाताच्या गावी असलात तर एखादा काडीसारखा बारीकही. वहाण उचलण्यापूर्वी क्षणभर थांबा, लहान मुलांना जवळ बोलवा आणि त्याच्या मिशीची पेरी मोजावयास सांगा: चार की पाच. हात मात्र लावू नका; त्याने आपली ओळख दिली तर दोन-चार वेळा साबण लावूनही ती जाणार नाही, आणि त्या हातांची करंजी कोणी खाणार नाही.